एका लायब्ररीची पॅकेजं किती करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या टीमने काही वर्षांत बांधलेली एक सी++ लायब्ररी आहे. ती बिलं, पावत्या, दाखले असे कागद तयार करते. आत गाभा, मजकुराची मांडणी (देवनागरीसकट), पीडीएफ, बारकोड, छपाई आणि पोस्टग्रेसमधून डेटा वाचणारा भाग अशी मॉड्यूलं आहेत, शिवाय क्यूटीवर लिहिलेली एक प्रिव्ह्यू खिडकी. आजवर सगळं एकाच .एसओ फाइलमध्ये (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या शेअर्ड लायब्ररीत) जायचं आणि टारबॉल पाठवला की काम संपायचं. आता ग्राहकांना डेबियन आणि उबंटूवर एपीटीने (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या साधनाने) बसवता यावी अशी मागणी आलीय. सीनियर म्हणतात एकच पॅकेज करा, तुम्हाला वाटतं मॉड्यूलमागे एक करावं. बोलायला सोयीचं म्हणून लायब्ररीला आपण लिबकागद म्हणू.

तुमच्या वादात तीन वेगळ्या वाटण्या एकमेकींत मिसळल्या आहेत: सोर्समध्ये फोल्डरं किती, लिंकर .एसओ फायली किती काढतो, आणि .डेब पॅकेजं किती. पहिली वाटणी तुमच्या टीमच्या सोयीची, ती कितीही बारीक ठेवा, बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. दुसरी आणि तिसरी मात्र एकदा बाहेर पडली की दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये नावानिशी नोंदली जाते आणि मागे घेता येत नाही. म्हणून सोर्सची फोल्डरं बघून पॅकेजं पाडू नयेत. मी दोनच गोष्टी बघतो: कोणत्या भागामुळे वापरणाऱ्यावर दुसऱ्या कशाचं ओझं येतं, आणि कोणता भाग किती वेळा आपला एबीआय (कंपाइल झालेला प्रोग्रॅम लायब्ररीशी ज्या मांडणीने जोडला जातो ती) मोडतो. या दोन रेषा जिथे जातात तिथे कापायचं, बाकी सगळं एकत्र.

आधी जे ठरलेलंच आहे ते उरकून घेऊ. सीनियरचं «एकच पॅकेज» डेबियनमध्ये शब्दशः शक्य नाही. पॉलिसीच्या आठव्या प्रकरणात शेअर्ड लायब्ररीचे नियम आहेत आणि त्यांच्यामागे एकच विचार आहे: अपग्रेड चालू असताना जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी नांदली पाहिजे. मशीनवरचे सगळे प्रोग्रॅम एकाच क्षणी नवे होत नाहीत. म्हणून रनटाइम पॅकेजच्या नावातच एसओनेमचा (.एसओच्या आत नोंदलेल्या, आवृत्तीसकट नावाचा) आकडा येतो, लिबकागद१, पुढे लिबकागद२. त्या पॅकेजमध्ये फक्त .एसओ.१ अशी आकडा असलेली फाइल. हेडर, आकड्याशिवायची .एसओ सिमलिंक, पीकेजी-कॉन्फिगची .पीसी फाइल (लायब्ररीशी लिंक करताना काय काय लागतं ते सांगणारी) हे सगळं लिबकागद-डेवमध्ये. फॉन्टच्या याद्या, टेम्प्लेट, भाषांतराच्या फायली अशा ज्यांच्या मार्गात आवृत्तीचा आकडा नाही त्या लिबकागद-कॉमन किंवा -डेटामध्ये, नाहीतर लिबकागद१ आणि लिबकागद२ दोघंही तीच फाइल आपली म्हणतील आणि डीपीकेजी (एपीटीच्या खालचं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) दुसऱ्याला बसू देणार नाही. कमांडलाइन साधनं असतील तर ती कागद-टूल्ससारख्या चौथ्या पॅकेजमध्ये.

शेजारी नांदणं म्हणजे काय ते डेबियनच्या स्ट्रेच या आवृत्तीत दिसलं. एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल, तिच्या १.१.० ने २०१६ मध्ये आपली बरीच स्ट्रक्चर झाकून टाकली आणि असंख्य प्रोग्रॅम कंपाइल होईनात. २०१७ च्या स्ट्रेचमध्ये म्हणून लिबएसएसएल१.०.२ आणि लिबएसएसएल१.१ दोन्ही होत्या. ज्याची तयारी झाली तो नव्याकडे गेला, बाकीचे जुन्यावर राहिले. पॅकेजच्या नावात आकडा नसता तर सगळं एका दिवशी हलवावं लागलं असतं किंवा काहीच हलवता आलं नसतं.

आता खरा प्रश्न: रनटाइम एकच ठेवायचं की फोडायचं?

ओझ्यापासून सुरुवात करतो. तुम्ही देवनागरीची मांडणी करता म्हणजे हार्फबझ (अक्षरं जोडून बसवणारी लायब्ररी) वापरतच असणार, मग त्याचंच उदाहरण घ्या. डेबियनमध्ये हार्फबझचं एक सोर्स पॅकेज आहे, पण त्यातून लिबहार्फबझ०बी, लिबहार्फबझ-आयसीयू०, लिबहार्फबझ-सबसेट०, लिबहार्फबझ-जीऑब्जेक्ट० अशी अनेक रनटाइम पॅकेजं निघतात. यातला आयसीयूचा कप्पा बघण्यासारखा आहे. हार्फबझला युनिकोडची माहिती लागते, ती आयसीयू या युनिकोडच्या मोठ्या लायब्ररीकडून घेता येते. पण आयसीयू अवाढव्य आहे, एकट्या डेटाच्या फाइलनेच जवळपास ३० एमबी खाल्ले जातात. आणि त्याहून त्रासदायक म्हणजे तिचा एसओनेम प्रत्येक मोठ्या आवृत्तीला बदलतो. उबंटू २२.०४ मध्ये लिबआयसीयू७०, २४.०४ मध्ये लिबआयसीयू७४, डेबियनच्या बुकवर्म आवृत्तीत ७२, त्यानंतरच्या ट्रिक्सीमध्ये ७६. हार्फबझच्या गाभ्याला आयसीयू जोडलेली असती, तर पाटीवर «दुकान बंद आहे» एवढं लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाही आयसीयू ओढावी लागली असती. म्हणून गाभ्यात युनिकोडचं लागेल तेवढं स्वतःचं कोष्टक आहे. «ऱ्या» मधला अर्धा र नीट बसवायला आयसीयू लागत नाही. आयसीयूचे प्रकार आणि फंक्शन वापरणाऱ्यांसाठी छोटा सांधा वेगळ्या .एसओमध्ये आहे, आणि त्या .एसओचं पॅकेज वेगळं आहे.

यातलं एक बारीक लक्षात घ्या. रनटाइम चार-पाच तुकड्यांत असलं तरी -डेव पॅकेज सगळ्यांसाठी मिळून एकच, लिबहार्फबझ-डेव. डेव्हलपरच्या मशीनवर ओझं चालतं, ते एकदाच बसतं. ग्राहकाच्या मशीनवर चालत नाही. तुम्हीही -डेव फोडायच्या फंदात पडू नका. त्याला एकच अपवाद, तो खाली क्यूटीपाशी येईल.

हीच पट्टी लिबकागदला लावा. गाभा, मजकूर, पीडीएफ आणि बारकोड यांना काय लागतं? हार्फबझ, फ्रीटाइप, झेडलिब. या गोष्टी बहुतेक डेस्कटॉपवर आधीच असतात आणि सर्व्हरवर आल्या तरी कोणी तक्रार करत नाही. मग या चौघांना वेगळं करून कोणाचं काय हलकं होणार? बारकोडचा भाग समजा शंभर-दीडशे केबीचा असेल. त्याचं वेगळं पॅकेज केलंत तर वाचलेल्या जागेपेक्षा पॅकेजची नोंद, चेंजलॉग, कॉपीराइट फाइल आणि प्रत्येक मशीनवरच्या यादीतली ओळ यांचाच पसारा जास्त. ट्रिक्सीमध्ये ६९,८३० पॅकेजं आहेत आणि ती यादी प्रत्येक एपीटी अपडेटला वाचली जाते. पोस्टग्रेसच्या भागाला लिबपीक्यू५ लागते, तिच्यामागून केर्बेरॉस आणि एलडॅप (वापरणाऱ्याची ओळख तपासण्याच्या व्यवस्था) यांची माणसं येतात. छपाईला कप्स या छपाईव्यवस्थेची लायब्ररी लागते. प्रिव्ह्यूला अख्खं क्यूटी आणि त्याच्यामागे ग्राफिक्सचा सगळा गोतावळा. रात्री सर्व्हरवर हजारो बिलांची पीडीएफ काढणाऱ्या ग्राहकाला क्यूटी कशाला? इथे रेष स्पष्ट दिसते.

हे तर्काने सांगता येतं, पण मी कागदावर कोष्टक काढून बघतो. आडव्या ओळीत आपले भाग, उभ्या ओळीत बाहेरच्या लायब्ररी. प्रत्येक भागाच्या ऑब्जेक्ट फायली वेगळ्या लिंक करून ऑब्जडंप -पी ने नीडेडच्या ओळी (ही फाइल कोणत्या लायब्ररी मागते ते सांगणाऱ्या) वाचायच्या. लिंकरला --ॲज-नीडेड देऊनच, नाहीतर न वापरलेल्या लायब्ररीही यादीत येतात आणि चित्र खोटं निघतं. मग तिसरं: आत्ता जे ग्राहक आहेत त्यांचे प्रोग्रॅम कोणते भाग वापरतात. दोन भाग नेहमी जोडीनेच वापरले जात असतील तर त्यांना वेगळं करण्यात काही हशील नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की फोडणं चांगलं, फक्त जरा बेताने. म्हणून उलट बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण पॅकेजिंग नव्याने शिकणारी मंडळी बहुतेक वेळा याच बाजूला घसरतात.

लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी जी सिस्टमडी, तिच्या आधी चार लायब्ररी होत्या: डीमन, जर्नल, लॉगिन आणि आयडी१२८. कागदावर हे अगदी आदर्श मॉड्यूलर डिझाइन. २०१४ मध्ये आवृत्ती २०९ ला त्या चारही मोडून एकच लिबसिस्टमडी केली गेली. कारण त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय: चौघींना एकमेकींचे सिम्बॉल (फंक्शन आणि व्हेरिएबलांची लिंकरला दिसणारी नावं) लागायचे, अवलंबित्व गोल फिरायचं. त्यावर उपाय म्हणून सामाईक कोडची प्रत प्रत्येकीत पुन्हा पुन्हा लिंक केली जायची. त्यामुळे आकार वाढायचा आणि स्टॅटिक व्हेरिएबल वाटून घेता यायची नाहीत. म्हणजे बाहेरून चार दिसणारी गोष्ट आतून एकच होती.

ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी, तिचीही गोष्ट तशीच आहे. पीथ्रेड, डीएल, युटिल, एएनएल या वेगळ्या लायब्ररी होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ ने त्यांचं सगळं काम लिबसीमध्ये आणलं. जुन्या बिल्ड फायलींमध्ये -एलपीथ्रेड लिहिलेलं असतं ते मोडू नये म्हणून रिकाम्या .ए फायली ठेवल्या, जुन्या बायनरींसाठी नावापुरत्या .एसओ ठेवल्या. दिलेलं कारण होतं चालू मशीनवरचं अपग्रेड सुरळीत व्हावं आणि आतली रचना सोपी व्हावी. विचार करा: लिबसी आणि पीथ्रेड एकमेकींच्या खासगी सिम्बॉलवर उभ्या आहेत आणि अपग्रेडच्या मधल्या क्षणी एक नवी, एक जुनी आहे. त्या क्षणी जो प्रोग्रॅम सुरू होईल त्याचं काय होईल?

यावरून मी जो नियम वापरतो तो असा: दोन भाग एकमेकांचे खासगी, म्हणजे सार्वजनिक हेडरमध्ये नसलेले, सिम्बॉल वापरत असतील तर त्यांच्या दोन .एसओ करू नका. केल्याच तर दोघींना नेमक्या एकाच आवृत्तीने बांधावं लागतं. डिपेंड्समध्ये (पॅकेजला दुसरी कोणती पॅकेजं लागतात त्या ओळीत) बरोबरचं चिन्ह आलं की फोडण्याचा निम्मा फायदा तिथेच गेला, कारण एक हलवायची तर दुसरी हलवावीच लागते.

पण लिबसिस्टमडीची गोष्ट २०१४ ला संपत नाही. एकत्र केल्याची किंमत दहा वर्षांनी दिसली. एखाद्या सर्व्हिसला «मी सुरू झाले» एवढं सिस्टमडीला कळवायचं असतं. प्रत्यक्षात ते काम म्हणजे नोटिफाय-सॉकेटच्या पत्त्यावर एक छोटा मेसेज टाकणं, पंधरा-वीस ओळींचं कोड. डेबियन, फेडोरा आणि आणखी काहींनी एसएसएच सर्व्हरला पॅच लावून त्यासाठी लिबसिस्टमडी जोडली होती. आता लिबसिस्टमडीत जर्नल (सिस्टमचा लॉग) वाचण्याचा भागही आहे, जर्नल कॉम्प्रेस केलेला असू शकतो, म्हणून ती एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रकल्पाची लिबएलझेडएमए ओढते. चिमूटभर मिठासाठी अख्खा किराणा घरात आला. आणि मार्च २०२४ मध्ये कळलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मागचं दार बसवलंय, जे याच वाटेने एसएसएचडीच्या प्रोसेसमध्ये शिरत होतं. ॲन्ड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला लागणारा जास्तीचा वेळ खटकला म्हणून ते २९ मार्चला उघडकीला आलं. डेबियनच्या स्टेबलपर्यंत ते पोचलं नव्हतं, टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत पोचलं होतं.

दोष अर्थातच ज्याने दार बसवलं त्याचा. पण डिझाइन करणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: छोटा, सगळ्यांना हवा असलेला भाग आणि मोठा, मोजक्यांना हवा असलेला भाग एका .एसओमध्ये असले की छोट्याचे सगळे ग्राहक मोठ्याचं ओझं आणि धोका दोन्ही वाहतात. त्यानंतर ओपनएसएसएचने ९.८ मध्ये ती सूचना पाठवणं स्वतःच लिहिलं, कुठलीही लायब्ररी न घेता. फोडायचं की जोडायचं याच्या आधी «हे लायब्ररीतून घ्यायची गरज आहे का» हाही प्रश्न असतो.

मग मधला मार्ग कुठला? सिस्टमडीने जून २०२४ च्या २५६ मध्ये तोच घेतला: कॉम्प्रेशनच्या लायब्ररी थेट लिंक करायच्या नाहीत, लागतील तेव्हा डीएलओपनने (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या फंक्शनने) उघडायच्या. (हा बदल मागचं दार सापडण्याआधीच ठरला होता.) तुमच्या कप्ससाठी हा मार्ग मला बरा वाटतो. छपाईची हाक आली तरच लायब्ररी उघडायची, नसली तर नीट एरर द्यायची. मात्र याची किंमत माहीत असू द्या. डीपीकेजी-श्लिबडेप्स नीडेडच्या ओळी वाचून डिपेंड्स भरतं; डीएलओपन त्याला दिसत नाही. ती ओळ तुम्हाला हाताने लिहावी लागते, बहुधा रेकमेंड्स किंवा सजेस्ट्समध्ये (सक्ती नसलेल्या शिफारशींच्या ओळींत). आणि कप्सचा एसओनेम बदलला, तुम्ही कोडमधलं नाव बदलायला विसरलात, तर बिल्ड हसत हसत पास होईल आणि छपाई ग्राहकाकडे मोडेल. सिस्टमडीने यावर उपाय म्हणून ईएलएफ फाइलमध्येच (म्हणजे कंपाइल झालेल्या बायनरीतच) अशा लायब्ररींची नोंद ठेवायची पद्धत काढली आहे, आणि ती वाचून पॅकेजच्या ओळी भरणारं साधन डेबियनमध्ये आहे. नवं काम करत असाल तर ती नोंद सुरुवातीपासून ठेवा.

दुसरी रेष एबीआयची. इथे तुमची लायब्ररी सी++ मध्ये आहे हे मोठं प्रकरण आहे, आणि तुमच्या प्रश्नात एबीआयचा उल्लेखच नव्हता.

एसओनेमचा आकडा म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द: हा आकडा तोच आहे तोवर तुझा जुना प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता चालेल. सी मध्ये तो शब्द पाळणं कष्टाचं आहे पण शक्य आहे. सी++ मध्ये एका क्लासला मधेच एक व्हर्च्युअल फंक्शन वाढवलं, एखादा प्रायव्हेट मेंबर घातला, की शब्द मोडला. आणि कधी तुम्ही काहीच न करताही मोडतो. २०१५ मध्ये जीसीसी ५ बरोबर एसटीडी::स्ट्रिंग आणि एसटीडी::लिस्टची आतली मांडणी बदलली. ज्यांच्या सार्वजनिक फंक्शनांच्या नावात स्ट्रिंग होती त्या सगळ्या लायब्ररींचे सिम्बॉल बदलले आणि डेबियनला पॅकेजच्या नावापुढे व्ही५ लावत फिरावं लागलं. लिबसिगसी++-२.०-०व्ही५ हे नाव त्यातूनच आलं.

फक्त सी++ वाल्यांवरच अशी वेळ येते असंही नाही. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांचा वेळेचा आकडा संपतो, म्हणून २०२४ मध्ये डेबियनने ३२ बिटांच्या आर्किटेक्चरांवर (जुनं आय३८६ सोडून) टाइम_टी ६४ बिटांचा केला. ज्या लायब्ररीच्या सार्वजनिक स्ट्रक्चरमध्ये किंवा फंक्शनमध्ये तो प्रकार दिसत होता तिचं नाव बदलावं लागलं. म्हणून आज तुमच्या ६४ बिटांच्या मशीनवरही लिबएसएसएल३टी६४ दिसतं, कारण पॅकेजचं नाव सगळ्या आर्किटेक्चरांवर एकच ठेवतात. तुमच्या पावतीच्या स्ट्रक्चरमध्ये तारीख टाइम_टी म्हणून उघडी असेल अशी मला दाट शंका आहे.

तेव्हा निवड करा. एक रस्ता असा की बाहेरची सीमा सी ची ठेवायची: झाकलेले पॉइंटर, तयार करा-वापरा-सोडा अशी फंक्शनं, आत हवं तेवढं सी++. मी हाच सुचवेन, विशेषतः गाभ्यासाठी. दुसरा रस्ता बूस्टचा: एबीआय टिकवायचा दावाच करायचा नाही, पूर्ण आवृत्ती एसओनेममध्ये आणि पॅकेजच्या नावात घालायची (लिबबूस्ट-फाइलसिस्टम१.८३.० असं) आणि दर आवृत्तीला सगळ्या वापरणाऱ्यांनी पुन्हा बिल्ड करायचं. हाही प्रामाणिक रस्ता आहे. वाईट रस्ता म्हणजे आकडा १ ठेवायचा आणि आत वाटेल ते बदलत राहायचं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांमध्ये हाच सर्रास दिसतो, आणि ग्राहकाच्या मशीनवर प्रोग्रॅम विचित्र जागी कोसळला की दोष कंपाइलरला दिला जातो.

काहीही निवडलंत तरी -एफव्हिजिबिलिटी=हिडन (सगळे सिम्बॉल आधी झाकून ठेवणारा कंपाइलरचा पर्याय) लावा आणि जे बाहेर द्यायचं तेवढंच व्हर्जन स्क्रिप्टमध्ये नाव घेऊन द्या. सिम्बॉलना आवृत्तीची खूण त्यातूनच मिळते. पुढे कधी एकाच प्रोसेसमध्ये लिबकागद१ आणि लिबकागद२ दोन्ही आल्या (एक थेट, एक दुसऱ्या लायब्ररीमार्फत), तर ही खूण नसली की एकीची हाक दुसरीकडे जाते. जे सिम्बॉल तुम्ही बाहेर दिलेच नाहीत ते मोडल्याची तक्रारही येत नाही. पॅकेजमध्ये सिम्बॉल्स फाइल ठेवली की प्रत्येक सिम्बॉल कोणत्या आवृत्तीत आला ते नोंदलं जातं, वापरणाऱ्याला लागेल तेवढीच किमान आवृत्ती त्याच्या डिपेंड्समध्ये जाते, आणि एखादा सिम्बॉल गायब झाला तर डीपीकेजी-जेनसिम्बॉल्स बिल्डच थांबवतं. सी साठी ही फाइल वरदान आहे. सी++ मध्ये टेम्प्लेट आणि इनलाइन फंक्शनांमुळे कंपाइलर बदलला की ती फाइल बदलते आणि माणूस वैतागतो. तिथे साधी श्लिब्स फाइल ठेवून एबीआय बदलांसाठी लिबॲबिगेलचं एबीआयडिफ चालवणं मला जास्त व्यवहार्य वाटतं.

या रेषेने लिबकागदकडे बघितलं की प्रिव्ह्यू खिडकी पुन्हा वेगळी पडते. क्यूटीचा क्लास वारशाने घेतल्यामुळे तिची सीमा सी++ चीच राहणार, क्यूटी ५ वरून ६ वर गेलात की ती मोडणार. तिच्यासाठी गाभ्याचा आकडा हलवणं म्हणजे क्यूटी माहीतही नसलेल्या सर्व्हरच्या प्रोग्रॅमना पुन्हा बिल्ड करायला लावणं. म्हणून तिची .एसओ वेगळी, एसओनेम वेगळा, आणि -डेवही वेगळं (हाच तो अपवाद), कारण तिच्या हेडरना क्यूटीची हेडर लागतात आणि गाभा वापरणाऱ्या डेव्हलपरला ती नको आहेत.

तर माझा अंदाज, तुमचं कोष्टक न बघता: रनटाइम तीन. लिबकागद१ मध्ये गाभा, मजकूर, पीडीएफ, बारकोड आणि डीएलओपनवाली छपाई. लिबकागद-पीक्यू१ मध्ये पोस्टग्रेसचा भाग. लिबकागद-क्यूटी६-१ मध्ये प्रिव्ह्यू. शिवाय दोन -डेव, एक -कॉमन. पोस्टग्रेसच्या भागाबद्दल मी ठाम नाही. तुमचे नव्वद टक्के ग्राहक तोच वापरत असतील तर त्याला गाभ्यात घ्या. उलट उद्या मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट येणार असतील तर त्याला प्लगइन करा, खासगी डिरेक्टरीत ठेवा, म्हणजे त्याला सार्वजनिक एसओनेम लागणारच नाही. हे तुम्हालाच माहीत.

ग्राहक कोण यावरही बरंच अवलंबून आहे. पॅकेज डेबियनच्या मुख्य संग्रहात जाणार असेल तर प्रत्येक नवं बायनरी नाव, म्हणजे एसओनेमचा प्रत्येक नवा आकडासुद्धा, न्यू रांगेत थांबतं आणि माणसाने तपासल्यावरच आत जातं. तिथे तुकडे जास्त म्हणजे फेऱ्या जास्त. तुम्ही स्वतःचा एपीटी संग्रह चालवून मोजक्या ग्राहकांना देणार असाल तर ही अडचण नाही, पण मग दुसरी येते: एकच .डेब सगळीकडे पाठवायचा मोह. वर आयसीयूचे आकडे दिले ते आठवा. बुकवर्मवर बांधलेलं पॅकेज ट्रिक्सीवर «लिबआयसीयू७२ सापडत नाही» म्हणून अडू शकतं. प्रत्येक वितरणासाठी त्याच्याच स्वच्छ क्रूटमध्ये (मशीनवरच वेगळ्या ठेवलेल्या नव्या सिस्टममध्ये), एसबिल्डने, वेगळं बांधा. वैतागून सगळ्या लायब्ररी आपल्याच पॅकेजमध्ये कोंबून /ऑप्टमध्ये टाकणारेही भेटतात. ते चालतं, फक्त मग झेडलिबमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली की ती ग्राहकाच्या एपीटीमधून येत नाही, तुमच्याकडून यावी लागते, त्याच आठवड्यात.

.पीसी फायलींकडे शेवटी तरी लक्ष द्या, कारण सगळं नीट फोडून ओझं याच वाटेने परत येतं. हार्फबझ फक्त आत वापरत असाल, तुमच्या सार्वजनिक हेडरमध्ये तिचं नाव नसेल, तर ती रिक्वायर्स.प्रायव्हेटमध्ये लिहा. रिक्वायर्समध्ये लिहिलीत तर तुमची लायब्ररी वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम हार्फबझशी थेट लिंक होतो, त्याच्या डिपेंड्समध्ये ती उतरते, आणि उद्या तुम्ही हार्फबझ सोडलीत तरी त्यांची सुटत नाही.

कामाचा क्रम विचाराल तर: आधी व्हिजिबिलिटी आणि व्हर्जन स्क्रिप्ट, पॅकेजचा विचारही न करता. त्यात किती खासगी सिम्बॉल भागाभागांत फिरतायत ते उघड होतं आणि कुठे कापता येणार नाही ते आपोआप कळतं. मग क्यूटीचा तुकडा बाहेर काढा, तो सर्वांत सोपा आणि फायद्याचा. एक आवृत्ती तशी जाऊ द्या. त्यानंतर पोस्टग्रेसचं ठरवा. जोडलेलं नंतर फोडायचं तर गाभ्याचा आकडा एकदा हलवून भागतं, पण फोडलेलं पुन्हा जोडायचं झालं तर ग्लिबसीसारख्या रिकाम्या फायली वर्षानुवर्षं सांभाळाव्या लागतात. आणि दर वेळी एक चाचणी करा: रिकाम्या क्रूटमध्ये रेकमेंड्स बंद करून फक्त लिबकागद१ बसवा, एक ओळीची पावती पीडीएफमध्ये काढणारा प्रोग्रॅम चालवा, आणि एपीटीने बरोबर काय काय आणलं ती यादी मागच्या आवृत्तीच्या यादीशी ताडून बघा. त्यात नवीन नाव दिसलं की ते कोणाच्या कमिटमधून आलं ते शोधल्याशिवाय आवृत्ती सोडू नका.